स्वखर्चाने डेव्हलपर कॉन्फरन्सला जाण्यात काही अर्थ आहे का?

काजूबी, वेंगुर्ला

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण घरात त्यावरून दोन दिवस धुसफूस चाललीय, म्हणून इथे टाकतो.

पुण्यात अकरा वर्षं नोकरी करून २०१७ ला मी वेंगुर्ल्याला परत आलो. सकाळी नऊ ते तीन पुण्याच्या एका कंपनीचं कंत्राटी काम, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातली जँगो ही चौकट. तीननंतर इथल्या काजू कारखान्यांची सॉफ्टवेअरं. बी खरेदीची पावती, सोलणाऱ्या बायकांचा किलोवर हिशेब, ग्रेडप्रमाणे गराचा साठा. डब्ल्यू ३२० म्हणजे पौंडात ३०० ते ३२० गर बसतात, हे मला पुण्यात असताना कोणी सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, मला काय करायचंय. आता झोपेतही सांगेन.

२०१९ ला बंगळूरला एका कॉन्फरन्सला गेलो होतो, पदरचे पैसे घालून. एस.टी.ने सावंतवाडी, आंबोली घाटातून बेळगाव, बेळगावहून रात्रीची गाडी. प्रवेश, लॉज, प्रवास, खाणं धरून साडेसतरा हजार. शिवाय तीन दिवसांचं काम बुडालं ते वेगळंच, कंत्राटी माणसाला रजा कसली.

दोन दिवस एसीत कुडकुडत पहिल्या रांगेत बसून चाळीस पानं नोट्स काढल्या. ती वही परवा माळ्यावर सापडली, कसर लागलेली. मधल्या वर्षांत एकदाही उघडली नव्हती. भाषणं तर तीन आठवड्यांत यूट्यूबवर आली, फुकट.

मधल्या सुट्ट्यांबद्दल सांगतो, तोच खरा त्रास होता. चहाचा कप घेऊन बाहेर आलं की चार-चार जणांची कोंडाळी, बहुतेक एकाच कंपनीच्या टी-शर्टातली. मी स्टॉलांभोवती फेऱ्या मारल्या. दोनदा फोन आल्यासारखा कानाला लावून खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. हो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत एकाने विचारलं, कुठून आलात? वेंगुर्ला. गोव्याजवळ का? हो. संपलं. दोन दिवसांत माझं एवढंच संभाषण.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, साडेसतरा हजारात काय आणलंस? दोन टी-शर्ट, मूठभर स्टिकर आणि एक पाण्याची बाटली. बाटली गळते.

आता परत एकीची जाहिरात बघितलीय, सप्टेंबरातली, गणपती गेल्यावर. मन ओढ घेतंय. कारण हेच की इथे कामाबद्दल बोलायला माणूस नाही. मित्र जिवाला जीव देणारे आहेत, पण 'आज मायग्रेशन अडकलं' म्हटलं की विचारतात, लाइट गेली काय?

एक उदाहरण देतो. २०१८ पासून माझी बी खरेदीची पावती वाकडी छापली जाते. गाव, वजन, दर, रक्कम असे खाने. गावाला १२ अक्षरांची जागा धरलीय, उरलेली मोकळ्या जागांनी भरतो. 'मठ' या गावाला पायथन लांबी २ सांगतो, दिसतातही दोन अक्षरं, सगळं सरळ. 'वेंगुर्ला'ला तो ९ सांगतो, कारण काना, मात्रा, अनुस्वार, उकार, हलन्त सगळं सुटं मोजतो. डोळ्याला अक्षरं तीनच: वें, गु, र्ला. म्हणजे मोकळ्या जागा तीनच सुटतात आणि वजन डावीकडे सरकून येतं. मठवाले सरळ, वेंगुर्लावाले वाकडे. वर नावं कापली जातात ती वेगळीच. एका बाईंच्या 'लक्ष्मी'चं पावतीवर 'लक्ष्' एवढंच उरलं, पाय मोडलेला ष. दरवर्षी मार्चात म्हणतो यंदा नीट करू, आणि मे संपतो. असो, विषयांतर झालं.

तर जावं का? आणि जे लोक तिथे जाऊन बोलतात, ते सुरुवात तरी कशी करतात?

मिऱ्याबंदर, रत्नागिरी

विषयांतर अजिबात नाही. तुमच्या अख्ख्या पोस्टीत कामाचं तेवढंच आहे आणि नेमकं तेच तुम्ही 'असो' म्हणून गुंडाळलंत. २०१९ ला ही पावती वाकडीच होती ना? मग दोन दिवस एवढ्या प्रोग्रामर लोकांत बसून एकालाही ती दाखवली नाहीत? खिशात एक पावती असती तर फोन कानाला लावायची वेळ आली नसती.

रागावू नका, मीही त्यातलीच. माझी पहिली कॉन्फरन्स २०११ ची पायकॉन इंडिया, पायथनवाल्यांची. ती २००९ ला बंगळूरला सुरू झाली आणि २०११ ला पुण्यात भरली होती, म्हणून मला पीएमटीच्या तिकिटात जमलं. भाषणं छान झाली असणार. मला आठवतं ते एवढंच की माझा डबा संपेपर्यंत मी मान वर केली नाही. पुढच्या दोन ठिकाणीही तसंच.

चौथ्या वेळी नाइलाजाने स्वयंसेवक झाले, प्रवेश फी माफ होत होती म्हणून. सकाळी साडेसातपासून नोंदणीच्या टेबलावर. गळ्यात घालायच्या पट्ट्यांचा हा एवढा गुंता, तो सोडवत सोडवत एकेकाला त्याचं नावाचं कार्ड द्यायचं. लग्नात जो कोणाशी बोलत नाही त्याला आपल्याकडे वाढायला उभं करतात, तसं झालं. हातात भांडं असलं की 'अजून घ्या' म्हणायला लाजायला होत नाही. दुपारी तेच लोक आपणहून ओळख दाखवायला लागले, 'सकाळी तुम्हीच कार्ड दिलंत ना?' तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

आता तुमची पावती. हे मला अशाच एका चहाच्या रांगेत कळलं. पुढे एक तमिळ मुलगा होता, ट्रकच्या वजनकाट्याची पावती छापणारं सॉफ्टवेअर लिहायचा. त्याची तमिळ, माझी मराठी, दुखणं तेच. त्याने चहाच्या कपावर बोटाने रेघ मारून दाखवलं: अक्षरं मोजायची नाहीत, चित्र काढायचं.

म्हणजे असं. प्रिंटरला मजकूर पाठवूच नका. पावतीची एक काळी-पांढरी प्रतिमा बनवा आणि ती पाठवा. तुमचा थर्मल प्रिंटर ८० मिलिमीटरचा असेल तर बहुधा ५७६ ठिपक्यांची रुंदी, ५८ चा असेल तर ३८४. गाव शून्यापासून, वजन समजा २५० व्या ठिपक्यापासून, रक्कम उजव्या कडेला टेकवून. 'वेंगुर्ला' कितीही सुट्या चिन्हांचा असो, वजनाचा खाना हलत नाही. नाव लांब असेल तर लांबी न बघता चित्रातली रुंदी मोजून फाँट लहान करा. कापायचंच असेल तर शब्दावर कापा, मधे नको. पायथनमध्ये पिलो या लायब्ररीने प्रतिमा काढता येते, पायथन-एस्कपॉस ही दुसरी लायब्ररी ती प्रिंटरला देते. 'मुक्त' नावाचा फाँट घ्या, 'एक टाइप' या संस्थेचा, बारीक आकारातही वाचता येतो.

एक खड्डा आहे, त्यात मी पडलेय. पिलोला राक्म ही लायब्ररी सापडली नाही तर ती देवनागरी जोडतच नाही. जोडाक्षरं सुटी पडतात, वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. राक्मच्या आत हार्फबझ असतो, तो जोडाजोडी करतो. आधी ते तपासा.

आता खरा हिशेब. माझ्या आजवर बारा कॉन्फरन्स झाल्या. त्यांतून असं घरी नेण्यासारखं मिळालं ते तीनदा. एक ही पावती, एक काम मिळालं, आणि एक मैत्रीण, जिच्याशी अजून दर रविवारी फोनवर कोड बघते. उरलेल्या नऊंचे पैसे पाण्यात गेले असं म्हटलंत तरी मी भांडणार नाही. पण त्या तिनांतलं एकही भाषणाच्या खुर्चीत मिळालं नाही.

जाणार असाल तर पाच मिनिटांच्या झटपट भाषणात नाव द्या. बऱ्याच ठिकाणी नावं तिथेच त्या दिवशी घेतात. २०१३ ला सांता क्लाराच्या पायकॉनमध्ये सॉलोमन हाइक्सने डॉकर (प्रोग्राम डब्यात बंद करून कुठेही चालवायचं सॉफ्टवेअर) पहिल्यांदा लोकांपुढे मांडला तो असल्याच पाच मिनिटांत. तुम्हाला तर फक्त काजूची पावती दाखवायचीय. दोन फोटो: आधीची, नंतरची. एकदा मंचावर बोललात की चहाला तुम्ही कोणाकडे जायची गरज नाही, लोक येतात. मल्याळी, बंगाली, तेलुगू, सगळ्यांच्या पावत्या वाकड्या आहेत.

सड्यावरचा, देवगड

उत्तर इथेच मिळालं ना? साडेसतरा हजार वाचले. वहिनींना सांगा आणि धागा बंद करा.

थट्टा सोडा. मी कंपनीच्या पैशाने सहा-सात ठिकाणी जाऊन आलो आणि माझं मत पक्कं आहे. एका मोठ्या हॉटेलातल्या कॉन्फरन्सचं सांगतो, नाव घेत नाही. तिथे 'डेटाबेस कसा निवडावा' नावाचं भाषण होतं. चाळीस मिनिटांनी कळलं की निवडायचा तो यांचाच. प्रत्येक स्टॉलवर गळ्यातल्या कार्डावरचा चौकोन स्कॅन करून घेत होते, त्याशिवाय स्टिकर मिळत नव्हता. पुढे सहा महिने फोन. कलमांवर फवारणी चालू असताना मला क्लाउडचं बजेट विचारत होते.

आणि पाच मिनिटांत जग बदललं वगैरे म्हणाल तर मला एंगेलबार्ट जास्त पटतो. ९ डिसेंबर १९६८, सॅन फ्रान्सिस्को. डग्लस एंगेलबार्टने हजारेक लोकांपुढे ९० मिनिटं माउस, दुवे, पडद्यावर दोघांनी मिळून एकच मजकूर दुरुस्त करणं, सगळं दाखवलं. गंमत अशी की मुख्य यंत्र त्या सभागृहात नव्हतंच. ते पन्नासेक किलोमीटरवर मेन्लो पार्कला त्याच्या प्रयोगशाळेत होतं आणि चित्र मायक्रोवेव्हने इकडे येत होतं. म्हणजे सगळ्यात गाजलेलं प्रात्यक्षिकसुद्धा अर्धं दुरूनच झालं, तेही १९६८ साली. मी ते देवगडात सड्यावरच्या घरात खाटेवर पडून बघितलं. मधे दोनदा लाइट गेली, पण एंगेलबार्टचं काही बिघडलं नाही.

त्या पैशात इन्व्हर्टरची बॅटरी बदला. टी-शर्टांबद्दल मात्र तक्रार नाही. माझ्याकडे आठ आहेत, आंब्याच्या पेट्या भरताना घालतो. हापूसचा चीक काही केल्या जात नाही, त्यामुळे चांगला शर्ट वाया जात नाही.

रापण, मालवण

मी थोडी वर्षं नेदरलँड्सला होतो, तेव्हा दोनदा ब्रसेल्सच्या फॉसडेमला, खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या कॉन्फरन्सला, गेलो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला, विद्यापीठाच्या आवारात भरते. तिकीट नाही, नोंदणी नाही, गळ्यात कार्ड नाही. सड्यावरच्यांना हे आवडेल, स्कॅन करायला काही नसतंच. हजारो लोक येतात. एकेका विषयाला एकेक वर्ग दिलेला असतो आणि वर्ग भरला की दारावर 'भरला' अशी पाटी. मग बाहेर थंडीत रांग. त्यामुळे शहाणे लोक सकाळी एक वर्ग धरतात आणि बूड हलवत नाहीत.

मला तिथे आंगणेवाडीची आठवण आली. देवी कौल देते तेव्हा तारीख ठरते, आमंत्रण कोणालाच नसतं, आणि तरी माणसांचा पूर. दर्शनाला रांगेत तीन तास, पण खरी भेटगाठ खाज्याच्या दुकानापाशी. ज्याला मुंबईत वर्षभर फोन करत नाही तो तिथे खांद्यावर हात टाकतो.

पण एक फरक आहे, आणि काजूबींचं दुखणं तिथेच असावं असं मला वाटतं. जत्रेत कोणालातरी तुमचा बाप माहीत असतो. ब्रसेल्सला माझा बाप कोणालाच माहीत नव्हता. पहिल्या वर्षी मीही खिडकीपाशी उभा होतो. दुसऱ्या वर्षी जायच्या आधी एका लहानशा प्रोजेक्टाच्या दस्तऐवजातल्या चार चुका दुरुस्त करून पाठवल्या. तिथे त्यांच्या वर्गात गेलो आणि माझं टोपणनाव सांगितलं, तर 'अच्छा, तो तू!' जत्रेत नाव सांगितल्यावर 'अरे, तू अमक्याचो झील!' म्हणतात, अगदी तसं.

तिसरं वर्ष, कुडाळ

माका एक विचारूचा आसा. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाक आसंय. तिकिटाक आणि ऱ्हवाक पैसे नसले तर काय करूचा? सरांनी सांगितलं की या सगळ्या कॉन्फरन्स फक्त नोकरीवाल्यांसाठी असतात.

मिऱ्याबंदर, रत्नागिरी

सर चुकले. पायकॉन इंडियासारख्या ठिकाणी विद्यार्थ्यांना आणि ज्यांना परवडत नाही त्यांना आर्थिक मदतीसाठी अर्ज करता येतो. अर्जाची मुदत कॉन्फरन्सच्या बरीच आधी संपते, त्यामुळे संकेतस्थळ आत्तापासून बघत राहा. अर्जात 'मला शिकायची आवड आहे' एवढंच लिहू नकोस, तसं सगळेच लिहितात. काय बनवलंयस ते लिही, अर्धवट असलं तरी चालेल. कॉन्फरन्सला जोडून स्प्रिंट असतात, सगळे एका खोलीत बसून खुल्या प्रोजेक्टातल्या चुका दुरुस्त करतात, त्याला नक्की थांब. आणि स्वयंसेवकांत नाव दे. पट्ट्यांचा गुंता सोडवायला माणूस लागतोच.

काजूबी, वेंगुर्ला

सहा दिवस झाले, आता सविस्तर लिहितो.

मिऱ्याबंदरताई, तुमचं वाचून आधी जरा लागलं. रात्री पुन्हा वाचलं. खरंच, खिशात एक पावती ठेवायला काय जात होतं?

शनिवारी कारखान्यात बसलो. मालकांच्या विंडोज पीसीवर पिलो टाकली, पहिली पावती काढली, आणि शिरोड्याची वेलांटी श च्या मागे, र ला चिकटून उभी. वेंगुर्ल्याच्या र ला हलन्त आणि ल शेजारी सुटा. म्हणजे तुमच्याच खड्ड्यात पडलो. राक्म पिलोबरोबरच आला होता, पण त्याला फ्रिबिडी ही आणखी एक लायब्ररी लागते आणि ती त्या मशीनवर नव्हती. ती एक डीएलएल फाइल योग्य जागी बसेपर्यंत संध्याकाळ झाली. बाहेर बी उतरत होती. मिरग लागायच्या आत शेवटची बी घालायला सगळे धावतात, त्यामुळे दर दहा मिनिटांनी कोणीतरी येऊन विचारत होतं, 'पावती होतली काय हातान लिवची?'

साडेसातला सरळ पावती निघाली. मठ, उभादांडा, शिरोडा, वेंगुर्ला, चौघांचं वजन एकाखाली एक. मी ती दोन्ही हातांनी धरून मालकांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि विचारलं, 'कागद जास्त जाता काय?' तेवढाच जातो म्हटलं. मग ठीक, म्हणाले. आठ वर्षं खाने वाकडे होते हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

लक्ष्मीबाईंच्या मात्र आलं. त्या सोमवारी आल्या, पावती लांब धरून वाचली आणि म्हणाल्या, 'आता नाव पुरा इला.'

सड्यावरच्यांचं म्हणणं मान्य, उत्तर इथे बसल्याजागी मिळालं. पण ते ताईंना त्या तमिळ मुलाने चहाच्या रांगेत दिलं होतं, तो आपल्या धाग्यावर नाही. त्यामुळे बायकोसमोर नवा हिशेब मांडला. लॉज नाही, पुण्यातला जुना सहकारी आता बंगळूरला असतो, त्याच्याकडे. स्वयंसेवकाचा अर्ज भरलाय. म्हणजे खर्च प्रवासाचा आणि खाण्याचा. ती म्हणाली, बाटली आणलीस तर दारातून आत घेणार नाही.

पाच मिनिटं हिंदीत बोललं तर चालतं का? इंग्रजीत मला विनोद जमत नाही. आणि बेळगावच्या गाडीचं आरक्षण आत्ताच करावं का, गणपतीचे मुंबईकर त्या बाजूला नसतात ना?

मिऱ्याबंदर, रत्नागिरी

हिंदी चालावी, आधी आयोजकांना विचारून घ्या. दोन फोटो आणि लक्ष्मीबाईंचं वाक्य, एवढं पुरे. ते वाक्य मालवणीतच म्हणा, अर्थ नंतर सांगा. आरक्षण सुरू झालं की लगेच करा.

सड्यावरचा, देवगड

जाताच आहात तर टी-शर्ट एक्सएल. गडद रंगाचा बघा, पांढऱ्यावर चीक दिसतो.